हाडांच्या मागावर

शुक्रवारची संध्याकाळ. कर्वे रोडवरच्या कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप उघडून मी बसलेले. समोर अर्धवट लेख, मोबाइलवर संपादकांचे दोन मिस्ड कॉल आणि डोक्यात फक्त वीकएंड! तेवढ्यात आतेभावाचा फोन. ‘‘आई अंगणात घसरली. मनगट मोडलं. तुझी लय आठवण काढून राह्यली.’’

झालं! ट्रेक कॅन्सल, सिनेमा कॅन्सल आणि मी महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये. एक रात्र आणि जवळपास एक अख्खा दिवस प्रवास, मग स्टेशनवरून भावाच्या बाइकवर आंधळगाव.

आंधळगाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं गाव. (पुण्यात ‘भंडारा’ म्हटलं की लोक थेट जेजुरीला पोचतात, म्हणून मुद्दाम सांगितलं!) तुमच्या आईच्या कपाटात एखादी कोशाची साडी असेल तर ती जरा बाहेर काढून बघा. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असेल, तर ती ‘करवत काठी’. अशा साड्या विणणाऱ्या विदर्भातल्या गावांपैकी हे एक. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे कोष, ते उकळून काढलेला धागा आणि हातमाग. आत्या एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथं आली. आधी मांडीवर कोशाचा धागा वळायला शिकली, मग मागावर बसली. चाळीस वर्षं झाली, अजून बसते.

म्हणजे परवापर्यंत बसत होती.

घरात शिरले तर आत्या पलंगावर. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात चहाचा कप. मला बघून पहिलं वाक्य, ‘‘काहून आली वं एवढ्या दूर? हातच मोडला, मी का मेली?’’

आत्याला अकरा वर्षांपासून डायबेटिस आहे. मेटफॉर्मिनची गोळी, सकाळ-संध्याकाळ. रात्री जेवताना मी सहज गोळीचं विचारलं, तर भाऊ ताटाकडे बघायला लागला. पडल्यापासून गोळी बंद! शेजारच्या काकूंनी म्हणे सांगितलं, साखरेच्या गोळ्यांनी हाडं पोकळ होतात. आत्यानं त्याच दिवशी सगळ्या स्ट्रिप तांदळाच्या डब्यामागं टाकल्या. ‘‘त्या गोळ्यायनंच माह्या हाडायचा भुगा केला,’’ असं ठाम निदान!

त्यात भर म्हणजे नागपूरला केलेली डेक्सा टेस्ट. हाडांची घनता मोजणारी ही तपासणी. रिपोर्ट काय, तर नॉर्मल. आता हाडं नॉर्मल आहेत, तर अंगणात साधं घसरल्यावर मनगट मोडलंच कसं? आत्याचं म्हणणं, मशीन खोटं. भावाचं म्हणणं, नशीब खोटं. आणि मी? विज्ञानाला दहावीनंतर रामराम ठोकून मास कॉमला गेलेली मुलगी. पण पत्रकाराला एक गोष्ट येते, ती म्हणजे लोकांना फोन करून छळणं. माझी शाळेतली एक मैत्रीण आता हार्मोन्सची डॉक्टर आहे. तिचा रविवार मी बरबाद केला.

विणणारे आणि उसवणारे

मैत्रिणीनं आधी माझा एक गैरसमज दूर केला. आपण हाड म्हणजे दगड समजतो. एकदा बनलं की बनलं. प्रत्यक्षात हाड हे सतत विणलं आणि उसवलं जाणारं कापड आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशी कामाला असतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड खरवडून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट त्या जागी नवीन हाड घडवतात. मोठ्या माणसाच्या शरीरातलं सुमारे दहा टक्के हाड दरवर्षी असं बदललं जातं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तुम्ही ज्या सांगाड्यावर नाचलात, तो आज बहुतांश नवीन आहे!

हे ऑस्टिओब्लास्ट आधी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घालतात. मग त्या धाग्यांवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक बसतात. धाग्यामुळे हाडाला लवचिकपणा येतो, खनिजांमुळे कडकपणा. दोन्ही लागतं. नुसता कडकपणा असेल तर हाड खडूसारखं तुटेल आणि नुसते धागे असतील तर रबरासारखं वाकेल.

डायबेटिसमध्ये रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहते. ही जादा साखर प्रथिनांना जाऊन चिकटते. आपल्या रिपोर्टमधलं ते ‘एचबीए१सी’ असतं ना, ते नेमकं हेच मोजतं, लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते. पण लाल पेशी जेमतेम चार महिने जगते. साखर चिकटलेली पेशी गेली की हिशेब नव्यानं सुरू. हाडातलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं तिथंच असतं. त्याला चिकटलेली साखर साचत जाते, धागे एकमेकांना नको तिथं जखडले जातात आणि हाडाची लवचिकता जाते.

एवढ्यावर भागत नाही. साखर आणि साखरेनं बिघडवलेली ही प्रथिनं हाड घडवणाऱ्या पेशींनाही सोडत नाहीत. पेशींच्या आत घातक ऑक्सिजन रेणूंचा भडिमार होतो, त्यांचं काम मंदावतं, काही पेशी वेळेआधी मरतात. शिवाय ज्या मूळ पेशींमधून ऑस्टिओब्लास्ट तयार व्हायचे, त्यातल्या काही हाडाच्या वाटेनं जाण्याऐवजी चरबीच्या वाटेनं जातात. म्हणजे कापड तर बिघडलंच, विणकरही कमी झाले.

आणि डेक्सा? ती मोजते हाडात खनिज किती आहे ते. धागा कसा आहे, हे तिला दिसतच नाही. टाइप २ डायबेटिसच्या पेशंटची डेक्सा पुष्कळदा नॉर्मल येते, कधी कधी तर नॉर्मलपेक्षाही चांगली. तरीही त्यांची हाडं, विशेषतः खुब्याचं हाड, मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डॉक्टरांनाही हे कोडं बरीच वर्षं पडलं होतं.

हे सगळं मी आत्याला सांगायला बसले. म्हटलं, समजेल का हिला? अर्धं ऐकूनच तिनं मला थांबवलं. ‘‘मी सांगतो तुले. साडीले खळ जास्त देली का वजन भरते. काट्यावर साडी एक नंबर. पन घडी घातली का तिथंच तडकते.’’

मैत्रिणीनं पाऊण तास घालवून सांगितलेलं आत्यानं चार वाक्यांत संपवलं होतं. मशीन खोटं नव्हतं. मशीन फक्त काट्यावरचं वजन सांगत होतं.

फुलातून आलेली गोळी

आता प्रश्न गोळीचा. मेटफॉर्मिनची जन्मकथा भारी आहे. युरोपात गलेगा नावाची जांभळट फुलांची एक वनस्पती उगवते. तिच्यात साखर कमी करणारं द्रव्य असतं, पण ते विषारी. त्याच्याच कुळातलं, त्यामानानं सौम्य असं रसायन प्रयोगशाळेत बनलं आणि 1957 साली फ्रान्समधल्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते पेशंटवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांनी औषधाला नाव दिलं ‘ग्लुकोफाज’, म्हणजे साखर खाणारा! अमेरिकेनं मात्र या औषधाला परवानगी द्यायला 1994 साल उजाडू दिलं. आज जगभर टाइप २ डायबेटिसमध्ये सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी हे एक. आपल्याकडे साधी गोळी दोन-तीन रुपयांत मिळते. आपल्या कॉफीवरच्या फेसाची किंमत तेवढी असेल!

हाडांशी या गोळीचा संबंध जोडला तो अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरातल्या संशोधकांनी. 2006 साली त्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदीर-घुशींच्या ऑस्टिओब्लास्टना मेटफॉर्मिन दिलं. पेशी जोमानं वाढल्या, कोलॅजन जास्त बनवायला लागल्या, खनिजाचे थरही जास्त बसले. मग 2008 साली त्याच गटानं पुढचा प्रश्न विचारला. साखरेनं बिघडवलेली प्रथिनं या पेशींवर सोडली तर? पेशी कोमेजल्या. पण सोबत मेटफॉर्मिन असेल तर नुकसान बऱ्याच अंशी टळलं. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत असे प्रयोग झाले. पेशीत एएमपीके नावाचं एक एन्झाइम असतं, पेशीची ऊर्जा किती शिल्लक आहे यावर नजर ठेवणारं. मेटफॉर्मिन ते जागं करतं, घातक ऑक्सिजन रेणूंचा मारा कमी होतो आणि मूळ पेशी चरबीऐवजी हाडाकडे वळायला मदत होते, असं या प्रयोगांमधून दिसतं.

ऐकून मी एवढी खूश झाले की लेखाचं हेडिंगही सुचलं. ‘डायबेटिसची गोळी, हाडांचं टॉनिक!’ मैत्रीण फोनवर ओरडलीच. ‘‘अजिबात असं लिहायचं नाही!’’

का? एक तर काचेच्या बशीतल्या पेशींना दिलेला डोस बऱ्याच प्रयोगांमध्ये माणसाच्या रक्तात गोळी घेतल्यावर असतो त्याच्या कित्येक पट असतो. दुसरं, बशीतली पेशी अंगणात घसरून पडत नाही. माणसांचं काय होतं, ते माणसांमध्येच बघावं लागतं. डेन्मार्कमध्ये 2005 साली पेशंटच्या नोंदींचा मोठा अभ्यास झाला, त्यात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चर कमी दिसले. पण किडनी धड असलेल्यांना, आजार फार पुढे न गेलेल्यांनाच ही गोळी सहसा मिळते. मग हाड गोळीनं वाचलं की मुळात तब्येत बरी होती म्हणून, हे कसं ठरवायचं? आतापर्यंतचा पुरावा एकत्र केला तर एवढंच म्हणता येतं, की मेटफॉर्मिन हाडांना त्रास देत नाही, कदाचित थोडा फायदा करत असेल. हाडं वाचवायची म्हणून ते कुणी घेत नाही, घेऊही नये.

हेडिंग डिलीट!

शेजारच्या काकू कुठं चुकल्या?

पण काकूंनी ती अफवा आणली कुठून? मला वाटलं, असंच काहीतरी. मैत्रीण म्हणाली, त्यात तथ्य आहे, फक्त गोळी वेगळी.

डायबेटिसच्या औषधांमध्ये ‘ग्लिटाझोन’ नावाचं एक कुटुंब आहे. 2006 साली ‘अडॉप्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. चार हजारांहून जास्त पेशंट, तीन औषधं. बायकांमधले फ्रॅक्चर मोजले तेव्हा रोझिग्लिटाझोन घेणाऱ्यांमध्ये ते 9.3 टक्के निघाले, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये 5.1 आणि ग्लायबुराइड घेणाऱ्यांमध्ये 3.5. (बघा, इथंही मेटफॉर्मिनचा पहिला नंबर नाही!) कारण काय, तर हे कुटुंब मूळ पेशींना हाडाऐवजी चरबीकडे ढकलतं. मेटफॉर्मिनच्या अगदी उलट. पुढे हृदयाच्या धोक्यामुळे रोझिग्लिटाझोनवर भारतात 2010 साली बंदी आली. त्याचा भाऊ पायोग्लिटाझोन 2013 साली महिना-दीड महिना बंद झाला आणि इशाऱ्यांसकट परत आला. तो आजही वापरात आहे. काही पेशंटना त्याचा उपयोगही होतो, पण उतारवयातल्या बाईला देताना डॉक्टर हाडांचा विचार करतात.

म्हणजे काकू खोटं बोलत नव्हत्या. ‘साखरेची गोळी’ या एका नावाखाली दहा वेगळी औषधं येतात आणि कुणाच्या तरी गोळीचा दोष आत्याच्या गोळीवर आला, एवढंच. पण त्यापायी आत्यानं गोळी टाकली, साखर वाढली आणि नवीन हाड जोडायला निघालेल्या पेशींनाच पुन्हा पाकात बुडवलं. मोडलेलं हाड जुळत असताना साखर काबूत नसेल तर जुळायला वेळ लागतो.

सोमवारी सकाळी तांदळाच्या डब्यामागून स्ट्रिपा बाहेर आल्या. पण नुसती गोळी पुढे केली असती तर आत्यानं घेतली नसती, मी ओळखून आहे तिला. आम्ही तिला घेऊन तिच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी किडनीची तपासणी करायला सांगितली, बी१२ बघायला सांगितलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, मग पायांना मुंग्या येतात, तोल जातो. आत्याचं बी१२ खरंच कमी निघालं! अंगणात ती शेवाळावरून घसरली की पाय बधिर होता म्हणून, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण अकरा वर्षांत हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. मीही नाही. दिवाळीला गेले की तिच्या हातचं खायचं, साडीवर हात फिरवायचा, सेल्फी काढायचा आणि परत!

आणि आपलं काय?

आता तुम्ही म्हणाल, आत्याचं ठीक आहे, आम्ही तर तिशीच्या आतले. मीही हेच म्हणत होते. मग मैत्रिणीनं विचारलं, ‘‘तुझं एचबीए१सी किती?’’ मी कधी केलंच नव्हतं. पुण्यात परत आल्यावर केलं. 5.8. म्हणजे 5.7च्या रेषेपलीकडे, प्री-डायबेटिसच्या दारात. वजन? बेतात. जीन्स अजून कॉलेजमधलीच!

या बेतातल्या वजनाची गंमत आपल्या पुण्यातच उलगडली आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! दिसायला सडपातळ, आतून जाड. आपल्यातल्या कितीतरी जणांची हीच कथा. 2023 साली आयसीएमआरच्या अभ्यासानं भारतात डायबेटिस असलेल्यांचा अंदाज दिला तो 10 कोटींच्या वर आणि प्री-डायबेटिसवाले त्याहून जास्त, 13 कोटींहून अधिक.

हाडांची कमाल घनता साधारण तिशीच्या आसपास गाठली जाते. त्यानंतर विणणाऱ्यांपेक्षा उसवणारे हळूहळू वरचढ होतात. मी एकोणतीस वर्षांची आहे. म्हणजे ज्या वर्षांत हाडांत भर घालायची, त्या वर्षांत मी खुर्चीत बसून दिवसाला चार गोड कॉफ्या पीत होते. आत्यानं निदान मागावर पाय तरी हलवले!

तर जाता जाता, मैत्रिणीकडून तपासून घेतलेल्या चार गोष्टी:

• घरात कुणाला डायबेटिस असेल तर ‘साखरेची गोळी’ म्हणून सोडून देऊ नका. स्ट्रिपवरचं औषधाचं नाव वाचा, फोटो काढून ठेवा. हाडांची काळजी वाटत असेल तर नेमकं तेच नाव घेऊन डॉक्टरांना विचारा.

• डेक्सा नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. डायबेटिसमध्ये नॉर्मल रिपोर्टमागेही ठिसूळ हाड असू शकतं. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं हाड मोडलं तर ती धोक्याची सूचना समजा.

• गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि सुरूही करू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ आणि किडनी तपासायचं डॉक्टरांना विचारा.

• पडणं टाळणं हाही हाडांवरचाच उपाय आहे. अंगणातलं शेवाळ, बाथरूममधला ओला कोपरा, आईचा जुना चष्मा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा सेल्फीच्या आधी हे बघा.

आणि आपल्यासाठी? चालणं, जिने चढणं, वजनं उचलणं. हाड घडवणाऱ्या पेशींना भार पडला की काम करायचं कळतं. ऑफिसच्या खुर्चीत त्यांना काहीच कळत नाही!

परवा आत्याचा फोन आला. प्लॅस्टर निघालं. बोटं अजून कडक आहेत, पण ती रोज कोशाचा धागा बोटांत फिरवते, व्यायाम म्हणून. गोळी चालू आहे. शेजारच्या काकूंनाही तिनं डॉक्टरांकडे नेऊन आणलं आणि त्यांची गोळी कोणती, ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मग म्हणाली, ‘‘तुह्या साखरेचं का झालं वं?’’

मी म्हटलं, चालायला जाते आत्या, रोज.

‘‘रोज?’’

मी गप्प. तिकडून माग चालल्याचा आवाज येत होता. भाऊ बसला असणार.

‘‘उद्यापासून जाशील,’’ आत्या म्हणाली. ‘‘मी सकाळी सहाले फोन करतो.’’